जुन्या जीटीएक्स कार्डावर रे ट्रेसिंग: आधी काय तपासायचं, मग काय चालू करायचं

गेल्या मे महिन्यात सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका मित्राचा भर दुपारी फोन आला, ‘कार्ड गेलं बहुतेक.’ कार्ड गेलं नव्हतं. त्याने एकाच बैठकीत जीटीएक्स १०६० या ग्राफिक्स कार्डावर नवा ड्रायव्हर टाकला, गेममधले रे ट्रेसिंगचे (म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून सावल्या, प्रतिबिंबं रंगवण्याचे) पर्याय अल्ट्रावर नेले आणि खोली चाळिशीला टेकलेली असताना बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी, लावला. गेम अडखळत बंद पडला. ड्रायव्हरमुळे, उष्णतेमुळे की सेटिंगमुळे, हे सांगायला काही मार्गच उरला नाही, कारण तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

ही चूक वरचेवर दिसते. आधी कळस, मग पाया. खरा क्रम असा: कार्डाची ओळख, विंडोज, ड्रायव्हर, थंडावा आणि वीज, मूळ मोजमाप आणि सगळ्यात शेवटी गेममधलं सेटिंग.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. एनव्हिडियाने एप्रिल २०१९ मध्ये ४२५.३१ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून काही जीटीएक्स कार्डांना डीएक्सआर, म्हणजे डायरेक्टएक्सचं रे ट्रेसिंग, खुलं केलं. त्याने कार्डात नवं काही बसलं नाही. एनव्हिडियाच्या नंतरच्या आरटीएक्स कार्डात किरण दृश्यातल्या कुठल्या त्रिकोणावर आदळतो हे शोधायला वेगळे आरटी कोअर असतात. जीटीएक्समध्ये तेच काम चित्र रंगवणाऱ्या नेहमीच्या शेडर कोअरच्या गळ्यात पडतं, आणि त्यांना बाकीचं चित्रही रंगवायचं असतंच. एनव्हिडियाचाच दावा घ्या: १०८० टीआय सेकंदाला साधारण ११० कोटी किरण हाताळतं, २०८० टीआय १,००० कोटींच्या वर. मेनूत पर्याय दिसला म्हणजे कार्ड तो पेलेल असं नाही.

टप्पा १: कार्ड खरंच कोणतं आहे ते बघा

खोक्यावरचं नाव, विकणाऱ्याचं तोंडी आश्वासन, कार्डावरचा स्टिकर, यातलं काहीही पुरावा म्हणून धरू नका. जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या आणि चालवा. पहिल्याच पानावर चार गोष्टी बघायच्या: नाव, मेमरी किती, शेडर किती, आणि नावाआधी ‘फेक’ असा शिक्का आहे का. जुन्या, फुटकळ कार्डाची बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते १०५० टीआय किंवा १०६० म्हणून विकण्याचा धंदा जुना आहे. जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं पकडतं.

ड्रायव्हरमधून रे ट्रेसिंग मिळणारी कार्डं:

– १० मालिका: १०६० (फक्त ६ जीबी), १०७०, १०७० टीआय, १०८०, १०८० टीआय
– १६ मालिका: १६६०, १६६० सुपर, १६६० टीआय
– टायटन एक्स (२०१६ चं पास्कल), टायटन एक्सपी, टायटन व्ही

१०५०, १०५० टीआय आणि १६५० या यादीत नाहीत. ९ मालिकाही नाही.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती १०६० वर. ३ जीबी आणि ६ जीबी ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. ३ जीबीवाल्यात शेडर १,१५२, ६ जीबीवाल्यात १,२८०. ३ जीबीवाल्याला रे ट्रेसिंग दिलेलंच नाही, आणि दिलं असतं तरी उपयोग नव्हता. किरण कुठे आदळतो हे पटकन शोधता यावं म्हणून गेम सगळ्या दृश्याची एक झाडासारखी यादी कार्डाच्या मेमरीत बांधून ठेवतो. टेक्श्चरने, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेल्या चित्रांनी, आधीच भरलेल्या ३ जीबीत ती मावायची कुठे?

सेकंडहँड कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या मशीनवर जीपीयू-झेड उघडून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा.

धोका: ‘कोणत्याही कार्डावर आरटीएक्स चालू करा’ म्हणून एखादी फाइल मिळत असेल तर ती उतरवू नका. यादीबाहेरच्या कार्डाला असल्या फाइलने रे ट्रेसिंग मिळत नाही. मिळालाच तर व्हायरस मिळतो.

टप्पा २: विंडोज

हे झटपट होतं. डीएक्सआरसाठी विंडोज १० ची १८०९ किंवा तिच्या नंतरची आवृत्ती लागते. विंडोज ११ असेल तर प्रश्नच नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या वाटेने गेलात की आवृत्ती दिसते.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. डीएक्सडायग हे विंडोजमधलं तपासणीचं साधन उघडून ‘डायरेक्टएक्स १२’ दिसलं की लोक खूश होतात. ती ओळ विंडोजबद्दल बोलते, कार्डाबद्दल नाही. अगदी जुन्या कार्डाच्या मशीनवरही तिथे १२ च दिसेल.

लॅपटॉप असेल तर आणखी एक काम. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावा. नाहीतर गेम इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतो आणि तुम्ही तासभर एनव्हिडियाचा ड्रायव्हर उलटापालटा करत बसता.

टप्पा ३: ड्रायव्हर, पाटी कोरी करून

‘सगळ्यात नवा ड्रायव्हर टाका’ हा सल्ला १० मालिकेसाठी आता चुकीचा ठरला आहे. पास्कल, म्हणजे १० मालिकेच्या घराण्यातल्या, कार्डांसाठी ड्रायव्हरची ५८० मालिका शेवटची. गेमसाठीचे नियमित अद्ययावत ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते अपडेट. त्यामुळे १०६० ते १०८० टीआय असेल तर ५८० मालिकेतलाच ड्रायव्हर घ्या. त्यापुढचा टाकायला गेलात तर इन्स्टॉलर कार्ड जुळत नाही म्हणून हात वर करतो. १६ मालिका ट्युरिंग घराण्यातली आहे, तिला हे बंधन नाही.

सरळ मार्ग: एनव्हिडियाच्या डाउनलोड पानावर ‘लेटेस्ट’वर न जाता आपलं कार्ड निवडून शोधा. मिळेल तो तुमच्या कार्डाचा.

आता क्रम:

१. ड्रायव्हरची फाइल आधी उतरवून ठेवा. डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हेही उतरवून ठेवा.

२. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सेफ मोडमध्ये जाताना ती विचारली जाऊ शकते, आणि त्या वेळी ती शोधायला मशीन हाताशी नसतं.

३. इंटरनेट तोडा. केबल काढा, वायफाय बंद करा. नाहीतर जुना ड्रायव्हर काढल्या काढल्या विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने एखादा टाकून मोकळं होतं.

४. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, ‘क्लीन अँड रिस्टार्ट’ निवडा.

५. नेहमीच्या मोडमध्ये परत आल्यावर ड्रायव्हर टाका. मशीन पुन्हा सुरू करा. मग इंटरनेट जोडा.

यातलं काहीही भारनियमनाच्या वेळेला करू नका. अर्धवट पडलेला ड्रायव्हर नंतर निस्तरता येतो, पण मोडलेली विंडोज निस्तरण्यात रविवार जातो.

तपासणी: जीपीयू-झेडच्या पहिल्या पानावर खाली खुणांच्या चौकटी असतात. ‘रे ट्रेसिंग’च्या चौकटीत खूण आली की ड्रायव्हरने आपलं काम केलं. आली नाही तर टप्पा १ ला परत जा, पुढे जाऊ नका.

टप्पा ४: धूळ, उष्णता, वीज

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकीचं सगळं कुठेही वाचायला मिळतं, पण पुण्या-मुंबईत लिहिणाऱ्याला साखर पेठेतल्या खोलीचा अंदाज नसतो.

पूर्व भागात, जिथे खाली माग आणि वर घर असा प्रकार आहे, तिथे कॅबिनेटमध्ये साधी धूळ नसते, सुताची पिंज असते. ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, आणि त्याच्याखाली हवेला वाटच नसते. एका मशीनमधून मी चाळणीवरच्या वस्त्रासारखा सलग थर उचलून काढला आहे. कॅबिनेट जमिनीवर असेल तर निदान वीतभर उंच स्टुलावर ठेवा, पिंज खाली जास्त असते.

साफसफाई करताना मशीन बंद, प्लग काढलेला. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलात तर तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. कार्ड पाच-सहा वर्षांचं असेल आणि कधीच उघडलं नसेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या. स्वतः कधी केलं नसेल तर माहितगाराकडून. कूलरच्या स्क्रूखाली पंख्याची वायर असते, झटक्यात कूलर उचलला की तुटते.

आता तापमान. १० मालिकेची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतात. १०६० ची कमाल मर्यादा ९४, १०८० टीआयची ९१. हवेवर थंड होणारं कार्ड खोलीच्या तापमानाच्या वर ठरावीक अंतर राखून तापतं. डिसेंबरात खोली २६ वर असताना कार्ड ७० दाखवत असेल, तर मे महिन्यात ३८ च्या खोलीत ते ८२ च्या घरात जाणार. म्हणजे थंडीत उत्तम चाललेली सेटिंग उन्हाळ्यात दगा देते, आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ठरवलेली सेटिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासा.

एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये तापमान, वेग, मेमरी आणि फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं) पडद्यावर दिसेल असं लावा. पंख्याचा आलेखही तिथेच थोडा चढा ठेवता येतो. आवाज वाढतो. चालतं, खाली माग सुरू असेल तर ऐकूही येत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे, तरी कुणी करत नाही. १०६० आणि १६६० टीआय यांची मर्यादा १२० वॉट, १०७० ची १५०, १०८० टीआयची २५०. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. त्यावर १०६० चं मशीन निभावतं. १०८० टीआय, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तो यूपीएस ओरडायला लागतो, आणि लाईट गेल्याच्या क्षणी मशीनही बसतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर त्याच्यावरच्या वॉटच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका.

तपासणी: रे ट्रेसिंग बंद ठेवून कोणताही जड गेम वीस मिनिटं चालवा. तापमान ८० च्या आत, वेग स्थिर, मशीन बंद पडलं नाही, तरच पुढे.

टप्पा ५: आधी मूळ आकडा लिहून काढा

रे ट्रेसिंगने किती फरक पडला हे कळायला ते नसताना किती होतं हे माहीत हवं. अंदाजाने नव्हे, वहीत.

ज्या गेममध्ये स्वतःचा बेंचमार्क आहे असा निवडा. ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ आणि मूळ ‘मेट्रो एक्सोडस’ यांत तो आहे, आणि दोन्ही गेम डीएक्सआरच्या सुरुवातीच्या काळातले असल्याने जुन्या कार्डाला चालतात. एकच बेंचमार्क तीनदा चालवा. पहिला आकडा टाकून द्या, कारण पहिल्या फेरीत शेडर तयार होत असतात आणि गेम हमखास अडखळतो. उरलेल्या दोनची सरासरी लिहा. सरासरी फ्रेमशेजारी सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा आकडाही लिहा. सरासरी ४० आणि तळाचा आकडा १४ असेल तर तो गेम हाताला ४० चा लागत नाही.

गेम डायरेक्टएक्स १२ मध्येच चालवायचा. ११ मध्ये रे ट्रेसिंगचा पर्याय फिका दिसतो किंवा दिसतच नाही. ‘पर्याय गायब आहे’ या तक्रारींपैकी निम्म्या तरी इथे संपतात. १२ वर गेल्यावर गेम बंद करून पुन्हा उघडा.

टप्पा ६: एकच परिणाम, सगळ्यात हलक्या पातळीवर

सगळं रे ट्रेसिंग सारखं महाग नसतं. ‘बॅटलफील्ड ५’ मध्ये फक्त प्रतिबिंबं किरणांनी काढली जातात, ‘टूम रेडर’मध्ये फक्त सावल्या. ‘मेट्रो’मध्ये मात्र अख्ख्या दृश्यावर पसरणारा प्रकाश किरणांनी काढला जातो, म्हणून जुन्या कार्डाचा घाम तिथे सगळ्यात जास्त निघतो.

सुरुवात ‘टूम रेडर’च्या सावल्यांनी करा. तिथे मध्यम पातळीवर दिवे, मेणबत्त्या, फुलबाज्या अशा जवळच्या प्रकाशाच्याच सावल्या किरणांनी काढतात. वरच्या पातळीवर सूर्याची सावली येते आणि काम एकदम वाढतं. अल्ट्राकडे बघूच नका. मध्यम लावा, बेंचमार्क तीनदा, आकडे वहीत.

फ्रेमच्या आकड्यापेक्षा मिलीसेकंदात विचार केलात तर गणित कळतं. ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलीसेकंद. समजा, रे ट्रेसिंगने वर २० मिलीसेकंद लागले. झाले ३६.७, म्हणजे २७ फ्रेम. ज्याचा मूळ आकडाच ३० आहे, त्याचे ३३.३ अधिक २०, म्हणजे जेमतेम १९. म्हणून मूळ आकडा ६० च्या आसपास नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही, आधी बाकीची सेटिंग उतरवा.

१६६० टीआय आणि १०७० वापरणारे एकमेकांचे आकडे ताडून बघतात आणि गोंधळतात. नेहमीच्या गेममध्ये दोन्ही जवळपास सारखी, पण रे ट्रेसिंगमध्ये १६६० टीआय पुढे निघतं. ट्युरिंग पूर्णांकांचं आणि दशांशांचं गणित एकाच वेळी करू शकतं, पास्कलला ते जमत नाही, आणि किरणांच्या कामात दोन्ही गणितं लागतात.

टप्पा ७: तोल साधणे

आता उतरवायचं काय, आणि कोणत्या क्रमाने?

पहिलं रिझोल्यूशन. प्रत्येक पिक्सेलमागे किरण सोडावे लागत असल्याने सगळ्यात मोठी बचत इथेच आहे. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, ९००पी म्हणजे १४.४ लाख, ७२०पी म्हणजे ९.२ लाख. १०८०पी वरून ७२०पी वर आलात की काम निम्म्याहून कमी. चित्र फारच भुरकट वाटलं तर गेममध्ये एफएसआर किंवा एक्सईएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देणारी सोय, आहे का बघा. त्याच कामाच्या एनव्हिडियाच्या डीएलएसएसला आरटीएक्स कार्डच लागतं, त्याच्या मागे लागू नका.

दुसरं टेक्श्चर, पण फक्त मेमरी भरत असेल तर. आफ्टरबर्नरमध्ये ६ जीबीपैकी ५.८ वापरात दिसत असेल आणि मान फिरवली की गेम थबकत असेल, तर टेक्श्चर एक पायरी खाली. मेमरी मोकळी असेल तर टेक्श्चर उतरवून काही हाती लागत नाही, फक्त भिंती धुरकट होतात. ही चूक मीही बरेच दिवस करत होतो.

तिसरं, फ्रेमला कुलूप. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ३० वर ठेवा. २६ ते ४४ असं हेलकावणाऱ्या गेमपेक्षा ३० वर बांधलेला गेम डोळ्यांना कितीतरी बरा, आणि कार्डही थंड राहतं. नेमबाजीचे ऑनलाइन गेम याला अपवाद. तिथे रे ट्रेसिंग सरळ बंद करा, सावली सुंदर दिसायच्या आत समोरचा गोळी घालतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहा. दोन बदललीत की तुम्ही माझ्या मित्राच्या जागी.

जिथे हात घालू नये

काही गेम आरटी हार्डवेअरशिवाय चालतील असे बनवलेलेच नाहीत. ‘मेट्रो एक्सोडस’ची २०२१ ची एन्हान्स्ड आवृत्ती, डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’, मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’. यांत रे ट्रेसिंग बंद करायची सोयच नाही, आणि शेवटच्या दोन्हींची किमान अपेक्षा आरटीएक्स २०६० सुपरची आहे. विकत घेण्याआधी किमान हार्डवेअरची यादी वाचा, प्रचंड मोठं डाउनलोड झाल्यावर नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेऊन बसला असाल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

‘मेट्रो’च्या बाबतीत खास सावध राहा. मूळ आणि एन्हान्स्ड हे वेगवेगळे डाउनलोड आहेत, आणि लायब्ररीत शेजारी-शेजारी बसतात.

कार्ड यादीत नसेल तर

एएमडीची आरएक्स ५८०, व्हेगा, ५७०० ही कार्डं असणाऱ्यांना विंडोजवर डीएक्सआर नाही. एएमडीने ते आरएक्स ६००० मालिकेपासून दिलं, आणि ड्रायव्हर बदलून ते येणार नाही. लिनक्सवर मेसाच्या रॅडव्ही ड्रायव्हरमध्ये रे ट्रेसिंगची नक्कल चालू करायचा पर्याय आहे. तो गतीसाठी नाही, हौसेसाठी आहे. लिनक्स आधीपासून वापरत असाल तर करून बघा, एवढ्यासाठी लिनक्स टाकू नका.

मात्र वेगळी वाट सगळ्यांनाच मोकळी आहे. गेम बनवायच्या अनरिअल इंजिन ५ मधल्या ल्यूमेन या प्रकाशयोजनेची सॉफ्टवेअर पद्धत आरटी कोअर मागत नाही. क्रायटेकचा ‘निऑन न्वार’ बेंचमार्कही डीएक्सआरशिवाय प्रतिबिंबं काढून दाखवतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत शेडर पॅक टाकून किरणांचा खेळ बघता येतो. मात्र बेडरॉक आवृत्तीतलं अधिकृत रे ट्रेसिंग या कार्डांवर चालत नाही, ते दोन्ही एकच समजू नका. रीशेड, म्हणजे गेमच्या चित्रावर वरून परिणाम चढवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनी ऑनलाइन गेमपासून ते लांब ठेवावं. चीट पकडणारी यंत्रणा त्याला चीट समजली तर खातं जातं.

ड्रायव्हर नीट बसला का हे फक्त बघायचं असेल आणि गेमवर पैसे घालायचे नसतील, तर एनव्हिडियाचा ‘क्वेक २ आरटीएक्स’ घ्या. त्या गेमच्या पहिल्या तीन लेव्हल फुकट आहेत. सुरू झाला की तपासणी पूर्ण. त्यातला संथपणा बघून कार्डाला नावं ठेवू नका, त्यात झाडून सगळा प्रकाश किरणांनीच काढतात.

मित्राच्या १०६० वर शेवटी जमलं ते असं: ‘टूम रेडर’, ९००पी, सावल्या मध्यम, टेक्श्चर एक पायरी खाली, ३० चं कुलूप, कॅबिनेटची बाजूची पट्टी काढलेली. आणि एप्रिल-मे महिन्यात रात्री दहानंतरच.